मिस्टर गिलक्रिस्ट यांची सीट

“गुड नाईट म्हणाले आणि फोन ठेवला,” इक्बाल म्हणाला.

दुपारचा एक वाजला होता. शिरीषने घड्याळाकडे बघितलं, मग इक्बालकडे. “बसचं बोललास?”

“बोलणारच होतो. पण आधी जेवलात का विचारलं, तर ते सूपवर घसरले.”

खाली सतरा सीटची बस उभी होती. युद्धाचा अकरावा दिवस. बहारीनचा विमानतळ तिसऱ्या दिवसापासून बंद. आता पुलावरून सौदीत जायचं आणि तिथून विमान पकडायचं. बस दोनला सुटणार होती. वरिष्ठांचं पत्र स्पष्ट होतं : यादीत आपला किमान एक नागरिक असावा, उरलेल्या जागी स्थानिक कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय चालतील. नागरिक नसल्यास बस रद्द.

आपला म्हणजे ज्या देशाच्या वकिलातीचं ते ऑफिस होतं त्याचा. नकाशाच्या अगदी तळाचा, थंड देश. त्याचा राजासुद्धा दुसऱ्याच देशात राहायचा. स्थानिक म्हणजे रत्नागिरीचा इक्बाल आणि पुण्याचा शिरीष. साहेब लोक ‘पुढची व्यवस्था बघायला’ आठवड्यापूर्वीच पुढे गेले होते. राजाचा फोटो तेवढा भिंतीवर थांबला होता.

एक्केचाळीस नागरिकांपैकी चाळीस बाहेर पडले. उरले मिस्टर गिलक्रिस्ट, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम झल्लाकच्या किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट. रिसॉर्टचा फोन कोणी उचलत नव्हतं. त्यांचा मोबाइल मात्र पहिल्या रिंगला उचलला जायचा. रोज दुपारी एकला इक्बाल त्यांना फोन करून फॉर्म भरायचा. फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता, ‘आपण सध्या बहारीनमध्ये आहात का?’ बहारीनच्या नंबरवर फोन लावून हे विचारणं इक्बालला अडाणीपणाचं वाटे. त्या जागी तो जेवलात का विचारायचा आणि ‘हो’वर टिक करायचा.

म्हातारबुवा जरा विचित्र होते. भरदुपारी गुड नाईट म्हणायचे. जूनमध्ये थंडीची तक्रार करायचे. इक्बालने ते रिसॉर्टच्या एसीवर ढकललं. मागे मेंढ्या ओरडायच्या. बकरी ईद तोंडावर होती, त्यामुळे त्यातही त्याला काही वावगं वाटलं नाही.

दारापाशी बॅगांवर त्याची बायको ताहेरा आणि मुलगी सुहा बसल्या होत्या. सकाळपासून सुहाने बुटाची नाडी चौदा वेळा सोडून बांधली होती.

“अब्बा, अंकल येतायत की नाही? यल्ला ना, चला लवकर!”

“त्यांना सांगा, डबा घेतलाय मी,” ताहेरा म्हणाली. “बसमध्ये जेवा म्हणावं. नाहीतर आपण इथंच बसलो.”

इक्बालने पुन्हा नंबर लावला, आणि तेवढ्यात मीना सलमान बंदराच्या बाजूने भोंगा वाजला. सवयीने चौघंही मोठ्या टेबलाखाली गेली. शिरीषने वरिष्ठांचं पत्र छातीशी धरलं होतं. फोन स्पीकरवर होता.

“तो भोंगा का?” मिस्टर गिलक्रिस्ट म्हणाले. “आज फारच जवळून येतोय.”

“तुमच्याकडे नाही वाजत?”

“इथे कशाला वाजेल? इथे तीनशे मेंढ्या आणि मी.”

टेबलाखालीच इक्बालने फॉर्म ओढून घेतला.

“सर,” इक्बालने आयुष्यात पहिल्यांदा फॉर्मचा पहिला प्रश्न वाचला, “आपण सध्या बहारीनमध्ये आहात का?”

“नाही रे. दुसऱ्या दिवशीच शेवटच्या विमानाने निघालो. तिसऱ्या दिवशी घरी. फोनचा नंबर तेवढा तिथलाच राहिला.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलंच नाहीस. आणि सांगितलं असतं तर फोन बंद झाला असता.” म्हातारा खोकला. “रोज तुझ्यामागे ते वाजत असतं, आणि तू मला विचारतोस जेवलात का. उद्या तुझा फोन येतो की नाही, या काळजीने मी जागा असतो.”

भोंगा थांबला. ताहेराने डबा मांडीवरून खाली ठेवला. इक्बालने बसबद्दल सांगितलं, आणि आता ती रद्द होणार हेही.

“मला परत यायला दोन दिवस लागतील,” मिस्टर गिलक्रिस्ट गंभीरपणे म्हणाले.

“थांबा,” शिरीष म्हणाला. टेबलाखाली वाकूनच त्याने पत्र तिसऱ्यांदा वाचलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नियमावलीतला स्वल्पविराम धरून बसणारा माणूस तो. “‘यादीत किमान एक नागरिक असावा.’ यादीत. बसमध्ये असावा असं कुठेही म्हटलेलं नाही.”

“मग माझं नाव पहिलं लिहा,” स्पीकर म्हणाला. “आणि खिडकीची सीट.”

बस बरोब्बर दोनला सुटली. शेजारच्या ऑफिसातली मसूदा, शिपाई कैलास, त्यांची पोरंबाळं, सगळी कोंबून बसली. पुढची खिडकी मात्र रिकामी होती. सुहा तिकडे सरकली तशी ताहेराने तिला ओढलं, “ती अंकलची आहे.”

शिरीषच्या मांडीवर फॉर्म होता. शेवटचा रकाना : ‘नागरिक सुरक्षित घरी पोचला का?’ पूल यायच्या आत त्याने सुवाच्य अक्षरात भरून टाकला.

‘होय. बस सुटण्याच्या आठ दिवस आधी.’