तीन मिलिमीटर

"अडला हरी," एवढंच म्हणून म्हातारे डॉक्टर खुर्चीत आडवे झाले. गाढवाचे पाय त्यांनी बोलून दाखवले नाहीत. ते स्पेशालिस्ट बाईंना आणि त्यांच्या मदतनीस बाईंना, दोघींनाही पाठ होते.

चाळीस वर्षं दुसऱ्यांचे दात बघणाऱ्यालाही स्वतःच्या दाढेचं रूट कॅनल स्वतः करता येत नाही. येत असतं, तर म्हातारे डॉक्टर या दवाखान्याच्या पायरीवर थुंकायलाही आले नसते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातून एका पेशंटच्या दाढेत, मुळातली नळी साफ करायच्या बारीक सुईचा तुकडा अडकला होता. पेशंट पुढच्या उपचारासाठी इथे आला, आणि बाईंनी एक्स-रे मोठ्या पडद्यावर लावून त्याच्या घरादाराला दाखवला. "बघा, काय करून ठेवलंय!" तोंडातोंडी ते गावभर झालं. वर्षाच्या आत म्हातारे डॉक्टर रिकाम्या खुर्चीसमोर पेपर वाचत बसू लागले.

"बाहेर भिंतीवर लावलंय, रूट कॅनलबद्दल पेशंटला काय माहीत हवं," ते म्हणाले. "तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"सातवा मुद्दा झकास आहे. उपचारात काही चुकलं तर ते कळण्याचा पेशंटला हक्क आहे म्हणे."

"आ करा," बाई म्हणाल्या.

इंजेक्शन टोचताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग दाढेभोवती रबराचा पडदा ताणला गेला, डोळ्यांवर काळा चष्मा चढला आणि तोंडाचा पट्टा एकदाचा बंद झाला. बाईंना बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

खालची शेवटची दाढ होती, मुळं बाकदार. दोन नळ्या साफ झाल्या. तिसरीत सुई फिरता फिरता एकाएकी हाताला हलकी लागली. बाईंनी ती बाहेर काढून मोजपट्टीवर धरली. तीन मिलिमीटर कमी होती.

मदतनीस बाईंनी पट्टीकडे पाहिलं, मग मॅडमकडे. बारा वर्षांत असली तुटकी सुई त्यांनी चारदा पाहिली होती, आणि चारही वेळा मॅडमनी पेशंटला सरळ सांगून टाकलं होतं. पण ते चौघे परके होते.

एक्स-रे काढला. तुकडा मुळाच्या टोकाशी घट्ट बसला होता. भिंगाखाली अर्धा तास खटपट करूनही तो तसूभर हलला नाही. आणखी जोर केला असता तर मूळच फुटलं असतं.

बाईंनी हात मांडीवर ठेवले. नळी तशी स्वच्छ झाली होती. तुकडा आत राहूनही दाढ टिकते, अशा कितीतरी त्यांनी पाहिल्या होत्या. वरून भरण केलं की एक्स-रेत पांढऱ्यात पांढरं मिसळून जाईल, मग शोधा म्हणावं. आणि सांगितलं, तर उद्या दुपारपर्यंत गावभर बोभाटा. ज्यांच्या भरवशावर आजूबाजूचे सगळे दातवाले अवघड पेशंट पाठवतात, त्यांनीच सुई तोडली, आणि तोडली कुणाच्या दाढेत, तर यांच्या! बाईंना मनापासून राग आला. सुईचा आला, बाकदार मुळाचा आला, समोर निवांत पडलेल्या या माणसाचा आला. स्वतःचा सगळ्यात शेवटी आला.

"भरायला घेऊ या का, मॅडम?" मदतनीस बाईंनी हळूच विचारलं. एवढी सोय त्यांनी आजवर कधी कुणाची केली नव्हती.

बाईंनी दाढेवर नुसतं तात्पुरतं भरण दाबलं.

"पडदा काढा," मग त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा बाईंनी स्वतःच उतरवला. "सुई तुटली. तीन मिलिमीटरचा तुकडा आत राहिलाय. माझ्या हातून झालं. काढून पाहिला, निघत नाही. दाढ बहुतेक टिकेल, पण सहा महिन्यांनी एक्स-रे काढून बघावं लागेल."

म्हाताऱ्या डॉक्टरांनी घाई केली नाही. ते उठून बसले, चूळ भरली. बधिर ओठातून निम्मं पाणी शर्टावर सांडलं, ते त्यांनी रुमालाने सावकाश टिपलं.

"लिहून द्या."

"देते."

"तुम्ही होऊन सांगितलंत, तेही लिहा."

बाईंनी दवाखान्याच्या कागदावर दोन्ही गोष्टी लिहिल्या, खाली सही केली. पेन कागदात रुतत होतं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा लावून उभ्यानेच तो कागद वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"माझ्या त्या पेशंटबरोबर मीही अशीच चिठ्ठी दिली होती," ते म्हणाले. ओठ बधिर होता, म्हणून एकेक शब्द जपून टाकत होते. "तुकडा राहिलाय, आणि मी पेशंटला स्वतः सांगितलंय. मिळाली होती ना तुम्हाला?"

मिळाली होती. बाईंनी ती वाचलीही होती. मदतनीस बाई ट्रेमधली हत्यारं उगाचच पुन्हा लावू लागल्या.

"मिळाली होती," बाई म्हणाल्या.

"त्यातलं अर्धंच तुम्ही गावाला वाचून दाखवलंत." म्हाताऱ्या डॉक्टरांनी कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि दार उघडलं. बाहेर बाकावर पाच-सहा पेशंट बसले होते.

"मीही अर्धंच वाचीन."