बुडबुड्यात काय असतं

"डोळे मिटा," मधुवंती मॅडम म्हणाल्या आणि बीएस्सीच्या सगळ्या वर्गाने डोळे मिटले. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं? हवा असेल तर एक बोट, हायड्रोजन-ऑक्सिजन असेल तर दोन, पाण्याचीच वाफ असेल तर तीन. बोटं छातीशी धरायची. उघड्या डोळ्यांनी विचारलं की सगळे पहिल्या बाकावरच्या अर्पितकडे बघून हात वर करतात, हे त्या पुरतं ओळखून होत्या.

मागच्या बाकावर प्रभारी प्राचार्य भैयासाहेब बसले होते. त्यांचा विषय कॉमर्स. मॅडम नोट्स लिहून देत नाहीत, वर्गात नुसता गोंगाट, अशी तक्रार त्यांच्याकडे गेली होती. आज पटलं नाही तर उद्यापासून वर्ग नोट्स लिहून देणाऱ्या उमाशंकर सरांकडे. तिकडे धारच्या कॉलेजात शिकवणारी त्यांची मैत्रीण उर्वी हाच प्रश्न असाच विचारत होती. मग दोघी मिळून इथली देवासची आणि तिथली धारची उत्तरं ताडून बघायच्या, कुठे अडतंय ते शोधायच्या. वर्ग गेला तर ते कामच लंगडं होणार होतं.

"हा क्लास आहे की सत्संग?" भैयासाहेब म्हणाले. जिकडे बघावं तिकडे दोन बोटं, मधेच कुठे एखादं एक. मॅडम जवळ आल्यावर, बरोबर कोणतं, असं त्यांनी हळूच विचारलं. तीन, मॅडम त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

"मग घ्या, सगळे चूक. हे तुमचं रिसर्च," ते कुजबुजले.

"मागच्या वर्षीचेही चूकच होते, सर. पेपरात 'वाफ' लिहून पास झाले, म्हणून आपल्याला दिसलं नाही."

उत्तर सांगा, लिहून द्या आणि विषय संपवा, असं त्यांनी फर्मावलं. मॅडमनी मुलांना डोळे उघडायला लावले आणि सांगितलं, आता शेजारच्याला पटवा. एकच गलका झाला. पाणी तापलं की तुटतं, सूत्रातच लिहिलंय, असं अर्पित ठासून सांगत होता. तेवढ्यात खातेगावची गुड्डी उभी राहिली. तिचा आवाज वर्गाने आजवर ऐकला नव्हता. ती अर्पितकडे वळली.

"भिया, हायड्रोजन निकलता तो चाय चढ़ाते ही आग का भभका उठता. मैं तो रोज चढ़ाती हूँ."

वर्ग हसला. अर्पितही हसला, मग मधेच थांबून विचारात पडला.

भैयासाहेब उठले. दारात थांबून त्यांनी पुन्हा बजावलं, उत्तर सांगा, नाहीतर उद्या या वर्गावर येऊ नका.

"उद्याचं उद्या, सर," मॅडम नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "आज यांचं भांडण संपायचंय."

ते व्हरांड्यात गेले. मॅडमनी दार लोटलं आणि जराही आवाज न होऊ देता आतून कडी लावली.