उत्पन्नाचा मार्ग

"मग सुरुवात तुमच्यापासूनच होऊ द्या की, काका," चौथ्या रांगेतला औषधविक्रेता उभा राहून म्हणाला. "तुमचं उत्पन्न किती आणि ते कुठून येतं, सांगून टाका."

आवाजात खोच नव्हती. प्रश्न रास्त होता. उमेदवारांच्या त्या सभेत पाच मिनिटांपूर्वी, स्वतः उमेदवार असलेल्या काकांनीच मंचावरून ठणकावून सांगितलं होतं, की पालिकेच्या निवडणुकीला उभं राहणाऱ्या प्रत्येकाने आपली कमाई आणि मालमत्ता नुसती कचेरीत लिहून न देता प्रचाराच्या पत्रकावर छापावी, आणि तसा कायदाच व्हावा. काका चाळीस वर्षं छापखाना चालवत होते. शहरातल्या झाडून साऱ्या उमेदवारांची पत्रकं त्यांच्याकडे छापली गेली होती. "आज छपाईचं बिल हप्त्यांनी देणारा माणूस पुढच्या खेपेला गुळगुळीत कागद मागतो," ते म्हणाले होते. "मधल्या पाच वर्षांत काय झालं, एवढंही आपण विचारायचं नाही?" सभागृह हसलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

आता सगळे त्यांच्याकडे बघत होते.

छापखाना विकून काकांना घबाड मिळालं, असं अख्खं शहर धरून चाललं होतं. काकांनी तो समज कधी खोडून काढला नव्हता. परीटघडीचा कोट घालून ते रोज संध्याकाळी फिरायला निघत आणि लोक अदबीने बाजूला होत. प्रत्यक्षात यंत्रं भंगारात गेली होती आणि आलेले पैसे कामगारांची देणी भागवताना संपले होते. त्यानंतरची अकरा वर्षं घर चालवत होती त्यांची मुलगी. बसचे सांगाडे बांधणाऱ्या कारखान्यात ती वेल्डर होती. कुणी चौकशी केली तर काका म्हणत, "ऑफिसात आहे." हौसेखातर जाते, असंही दोन-चारदा पुढे जोडून झालं होतं.

ती शेवटच्या रांगेत बसली होती. एवढ्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. ठिणग्यांनी हातांवर पडलेले डाग चारचौघांत दिसू नयेत म्हणून. बाहेर जाताना तसं घालत जा, हे काकांनीच तिला सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात, एकदाच. तिने का म्हणून विचारलं नव्हतं.

मंचावर काकांच्या शेजारच्या खुर्चीतला, अशा कायद्याला विरोध करणारा उमेदवार, रस्त्यांची कामं घेणारा ठेकेदार, पुढे झुकला. "अहो, जाऊ द्या," तो औषधविक्रेत्याला म्हणाला. "वडीलधाऱ्या माणसाला असं भरसभेत विचारू नये. घरातल्या गोष्टी घरातच बऱ्या. मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

सुटायला वाट मिळाली होती. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. अब्रू शाबूत राहिली असती. कायद्याचं बोलणं मात्र तिथंच संपलं असतं.

काकांनी लांब शेवटच्या रांगेकडे बघितलं. मुलीने मान खाली घातली होती. तिला लाज वाटतेय, असं त्यांना आधी वाटलं. मग लक्षात आलं. बाबांना आपल्या डोळ्यांकडे बघत 'ऑफिस' म्हणावं लागू नये, म्हणून तिने मान खाली घातली होती. अकरा वर्षं ती हेच करत आली होती.

काका उठून उभे राहिले.

"माझं उत्पन्न शून्य आहे," ते म्हणाले. "मला माझी मुलगी पोसते. ती वेल्डर आहे. मी तुम्हाला ऑफिस सांगत आलो, ते खोटं होतं. तिच्या कामाची लाज मला वाटली. तिला कधीच वाटली नाही."

काकांचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. "या शहरात धावणाऱ्या निम्म्या बसचे जोड तिने लावलेत. तुमची पोरंबाळं त्यात बसून शाळेत जातात. अजून एकही जोड उकललेला नाही."

औषधविक्रेता अजून उभाच होता. "पटलं, काका," तो म्हणाला आणि ठेकेदाराकडे वळला. "आता तुम्ही."

ठेकेदाराने त्याचा हिशेबनीस परगावी गेल्याचं सांगितलं. सभागृहात जो हशा पिकला, तो बराच वेळ ओसरला नाही.

सभा संपल्यावर बापलेक चालत घरी निघाले. दाराशी आल्यावर ती म्हणाली, "ऑफिस म्हणाला असतात, तरी मला चाललं असतं."

"मला चालेनासं झालं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते त्यांच्या जुन्या जुळाऱ्याकडे गेले. काकांच्या हाताखाली छपाईचे खिळे जुळवायला शिकलेल्या त्या माणसाने आता स्वतःचा छोटा छापखाना टाकला होता. काकांच्या छापखान्यातून आणलेले मोठ्या अक्षरांचे जुने लाकडी ठसे त्याने टाकून दिले नव्हते. काकांनी कोट खुंटीला टांगला आणि स्वतःचं पत्रक स्वतः जुळवायला घेतलं. जुळारी मदतीला आला, तर त्याला त्यांनी बाजूला बसवलं.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. काकांनी पहिली प्रत तिच्या हातात दिली. शाई पुरती वाळली नव्हती. घर, भाड्याचं. जमीन, नाही. कर्ज, नाही. उमेदवाराचं नाव तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि चाळीस वर्षं ज्या ठशांतून फक्त उमेदवारांची नावं निघाली, त्या ठशांत, पानभर:

उत्पन्नाचा मार्ग: मुलगी, वेल्डर.

तिने ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

"बाबा," ती म्हणाली, "निवडणुकीला नक्की कोण उभं आहे, हे लोकांना कळायचं कसं?"

"विचारायला येतील," काका म्हणाले. "तेवढंच पुन्हा एकदा सांगता येईल."