तिन्ही एकाच झाडाच्या

दुकानातल्या टेसाने काचेच्या तीन बरण्या काउंटरवर मांडल्या, तेव्हा ओलिथा स्टॅम्परने पर्समधून चष्मा काढला. केंटकीतल्या त्या गावात पूर्वी याच दुकानात तंबाखूचं बियाणं मिळायचं. आता दारावर भांगेचं हिरवं पान रंगवलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'कायदेशीर'. सत्तरी उलटलेली ओलिथा दहा मिनिटं बाहेर गाडीत बसून मगच आत आली होती.

तिचा नवरा हार्लन हाडांच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळला होता. नऊ दिवस पोटात काही ठरत नव्हतं. घरी येणाऱ्या नर्सने दाराशी हळूच सांगितलं होतं, भांगेतल्या टीएचसीने, म्हणजे तिच्यातल्या नशेच्या अर्काने, भूक लागते. पण तिचे प्रकार आहेत, नीट विचारून घ्या.

टेसाने नीट समजावलं. पहिल्या बरणीतल्या गोळ्यांत डेल्टा-एट, सौम्य. डोकं फारसं गरगरत नाही. दुसरीतल्या गोळ्यांत डेल्टा-नाइन, खरी चढणारी. उलटी थांबते ती हिनेच. तिसरीत नुसती वाळलेली फुलं. त्यांतली टीएचसीए कच्ची असते, तापवल्याशिवाय चढत नाही. तापली की तिचीच डेल्टा-नाइन होते.

"शेतात उभ्या हिरव्या झाडात यातली कुठली असते?" ओलिथाने विचारलं.

"बहुतेक ही कच्चीच, आजी. पण तिन्ही एकाच झाडाच्या."

"आणि कुणी कोठारामागे अकरा झाडं लावली तर?"

टेसा हसली. "परवाना असला तर आमचा मालक त्याच्याकडूनच माल घेईल."

ओलिथाने डेल्टा-नाइनच्या गोळ्या घेतल्या आणि घरी आली.

दुपारी तिने हार्लनला अर्धी गोळी दिली. दीडेक तासाने तो म्हणाला, घेवड्याचा वास छान सुटलाय. तिने त्याला उशांना टेकवून बसवलं. त्याने वाटीभर घेवडा खाल्ला, मक्याच्या पावाचा तुकडा खाल्ला. मग बोलायला लागला. लहानपणीच्या खेचरांबद्दल बोलला, मामाच्या लाकूडगिरणीबद्दल बोलला, आणि बोलता बोलता रॉइसवर आला. रॉइस त्यांचा एकुलता एक मुलगा. त्या अकरा झाडांपायी तो तुरुंगात गेला आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिथेच न्यूमोनियाने गेला. त्याचं नाव या घरात कित्येक वर्षं कुणी काढलं नव्हतं.

"ती झाडं रॉइसची नव्हती," हार्लन म्हणाला. "मी लावली होती. तुझ्यासाठी."

त्या वर्षी ओलिथाच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि औषधांनी तिला पाणीही पचत नव्हतं. फौजेतल्या एका दोस्ताने हार्लनला सांगितलं होतं, पाला लोण्यात कढवून केकमध्ये घाल, ती जेवायला लागेल. झाडं अजून पुरती वाढलीही नव्हती, तोच पोलीस आले. रॉइस त्याच्याआधी पुढे झाला, झाडं माझी आहेत म्हणाला. बाबा, तुम्ही गेलात तर आईला दवाखान्यात कोण नेईल, एवढंच कानात म्हणाला.

ओलिथाच्या हातात घेवड्याची वाटी होती. ती तिने खाली ठेवली.

"पोलिसांना फोन मी केला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, झाडं रॉइसचीच. एक रात्र कोठडीत काढली की शहाणा होईल."

हार्लन बराच वेळ पांघरुणाची कड चाचपत राहिला.

"ठाऊक होतं रॉइसला," तो म्हणाला. "एका पोलिसानेच सांगितलं होतं. म्हणून तर मला शपथ घातली त्याने. झाडं कुणाची होती ते आईला कधी कळू द्यायचं नाही. तिला झेपणार नाही, म्हणाला."

मग आपण ती शपथ मोडली हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ओठांवर हात ठेवला.

"आज कसं निघून गेलं गं तोंडातून."

तो खिडकीकडे बघत राहिला, मग रिकाम्या ताटलीकडे. शेवटी ओशाळून, अगदी हलक्या आवाजात त्याने विचारलं, "पाव आहे का अजून?"

ओलिथा उठली. तिने मोठा तुकडा कापला, वर लोणी लावलं, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत ताटली त्याच्या हनुवटीखाली धरून उभी राहिली.