हात सोडायचा नाही

"हात धरलेला चालेल, मिठीबिठी नको," संमतीच्या कागदावर सही करता करता स्तेलिओने बजावलं. "आणि मी ओरडलो तरी हात सोडायचा नाहीस, पोरी."

ब्रॉन्विनने त्रेसष्टी गाठली होती. सत्तरीतल्या त्या माजी ट्रामचालकाने आपल्याला पोरी म्हणावं, याचं तिला हसू आलं.

"तुम्ही सोडाल तेव्हाच सोडेन," ती म्हणाली.

गेली अठरा वर्षं उदासीने स्तेलिओचा पिच्छा सोडला नव्हता. गोळ्या बदलून झाल्या, विजेचे झटके देऊन झाले. गेल्या हिवाळ्यात त्याने बायकोला, वूलाला, शांतपणे सांगितलं की आता जगायचा कंटाळा आलाय. तेव्हापासून वूला घरातल्या सुऱ्या कुलपात ठेवत होती. आता एकच उपाय उरला होता. मेलबर्नच्या या दवाखान्यात मशरूममधल्या औषधाची एक कॅप्सूल, आणि ती घेतल्यावर आठ तास शेजारी बसणारी दोन माणसं. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर थुई आणि नर्स ब्रॉन्विन.

बसणाऱ्यांनी फक्त बसायचं असतं. काही विचारायचं नाही, काही सुचवायचं नाही, रुग्ण जिकडे जाईल तिकडे त्याला जाऊ द्यायचं. ऐकायला सोपं, पण भल्याभल्यांना जमत नाही. ब्रॉन्विनला जमायचं. तीन वर्षांत तिने एकाही रुग्णाला एकही प्रश्न विचारला नव्हता.

रुग्णाने घरून आपल्या मनातली एखादी वस्तू आणायची असते. स्तेलिओने बिस्किटांचा पोचे आलेला डबा आणला होता, वरून सुतळीने करकचून बांधलेला. काय आहे ते सांगितलं नाही. "नंतर," एवढंच म्हणाला आणि डबा खिडकीत ठेवला.

पलंगावर आडवं होताना त्याला पांघरुणाच्या काठावर आपल्या नावाची पट्टी दिसली. लाल दोऱ्याने शिवलेली, चारी कोपऱ्यांवर एकेक फुली. शाळकरी मुलांच्या कपड्यांना शिवतात तशी.

"मी काय हरवणार आहे?"

"ही ब्रॉन्विन सगळ्यांच्याच पांघरुणाला शिवते," थुई म्हणाली. "ऐकत नाही कुणाचं. आणि दारावरून ट्राम जाते, तरी पाऊस असो, ऊन असो, पाऊण तास पायी येते. निवृत्त झाल्यावर ऑलिंपिकला जायचंय तिला."

"म्हणजे आम्हा ट्रामवाल्यांच्या पोटावर पाय," स्तेलिओ म्हणाला.

ब्रॉन्विनने हसून त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

साडेनऊला त्याने कॅप्सूल घेतली. पहिला तास शांत गेला. मग त्याला घाम फुटला. आधी तो ग्रीक भाषेत आजीशी बोलला, मग बराच वेळ रडला. ब्रॉन्विनचा हात त्याने मुठीत आवळून धरला होता. दुपारी बाराच्या सुमारास तो एकदम सरळ, स्वच्छ आवाजात बोलू लागला.

"अठरा वर्षं झाली. जूनची, ऐन हिवाळ्यातली थंडी होती. वारा सुटला होता. थर्मासचं झाकण घरंगळलं म्हणून मी खाली वाकलो. दोनच सेकंद. वर पाहिलं तर पोरगी रुळांवर. शाळेचा गणवेश. टोपी उडाली होती तिची, त्या टोपीमागे धावत आली होती. हसत होती."



"कोणत्या रंगाची टोपी?" ब्रॉन्विनने विचारलं.

थुईने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"पिवळी. लोकरीची."

मग त्याने उरलेलंही सांगितलं. पोलीस यायच्या आत त्याने टोपी खिशात घातली होती. टोपी सापडली असती तर तो अपघात ठरला असता, आणि तू कुठे बघत होतास, असं त्याला विचारलं गेलं असतं. त्याने चौकशीत शपथेवर सांगितलं की मुलीने आपल्याकडे पाहिलं आणि मुद्दाम पुढ्यात आली. सगळ्यांनी ते मानलं. समोर तिचा बाप मान खाली घालून बसला होता. आई आलीच नव्हती.

"तिने जीव दिला, असं मी म्हणालो. नव्हता दिला तिने. टोपी पकडायला आली होती लेकरू."

ब्रॉन्विनचा हात सैल पडला आणि निसटला. स्तेलिओची बोटं हवेत चाचपडू लागली. ती त्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिने तो हात पुन्हा धरला, या वेळी दोन्ही हातांनी, आणि त्याने स्वतः सोडेपर्यंत सोडला नाही.

चार वाजता तो उठून बसला. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. भूक लागली म्हणाला. व्हेजिमाइटचा काळा, खारट लेप लावलेला टोस्ट दिला तर याला काय खाणं म्हणतात का, म्हणून कुरकुरला आणि आणखी दोन मागितले. बाहेर बसलेल्या वूलाला ती कुरकुर ऐकू गेली आणि तिला रडू कोसळलं. कितीतरी वर्षांत त्याने कशाबद्दल कुरकुरसुद्धा केली नव्हती.

कप धुताना थुईने हळूच विषय काढला. "आज तू प्रश्न विचारलास."

"हो."

"डोळे लाल झालेत तुझे. घरी जातेस का?"

"नको. किती वर्षांनी बरं वाटतंय, थुई," ब्रॉन्विन म्हणाली. थुईला वाटलं, ती स्तेलिओबद्दलच बोलतेय.

दोघी आत आल्या तेव्हा तो सुतळी सोडत होता. डब्यातून त्याने एक पिवळी लोकरी टोपी काढली.

"पोलिसांना उद्याच सगळं सांगतो. होईल ती शिक्षा होऊ दे. पण ही तिच्या आईला पोचवता येईल का? त्या बाईला मी कधी पाहिलंही नाही. कुठे असते तेही ठाऊक नाही."

आधी वकिलाशी बोलावं लागेल, असं थुई सांगू लागली. ब्रॉन्विन पुढे झाली. तिने त्याच्या हातातून टोपी घेतली आणि काठ उलटा केला. आत नावाची पट्टी होती. लाल दोऱ्याने शिवलेली, चारी कोपऱ्यांवर एकेक फुली.

"पोचली," ती म्हणाली.