ऑरेंज कर्व्हचा अबोला

"त्याला सांग, दुसऱ्या फेरीत धावत सुटू नकोस," गिटारच्या तारा पुसत कुरिमोतो म्हणाला.

ज्याला सांगायचं तो हानेझावा हातभर अंतरावर बास गिटार गळ्यात अडकवून उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. तरी तो शिओमीच्या तोंडाकडे बघत थांबला.

"हानेझावासान," शिओमी कीबोर्डमागून अदबीनं म्हणाला, "दुसरी फेरी जरा सावकाश घेतलीत तर बरं, असं कुरिमोतोसान म्हणतात."

"त्याला सांग, आधी स्वतःचं घड्याळ दुरुस्त कर."

"कुरिमोतोसान, लयीबद्दल एकदा बसून बोलू, असं ते म्हणतात."

कुरिमोतोनं मान डोलावली. तालीम पुढे सुरू झाली.

'ऑरेंज कर्व्ह'ला चाळीस वर्षं झाली होती, अबोल्याला तीस. या बँडला गायक नव्हता. नुसती वाद्यं, आणि समुद्राकाठच्या रस्त्यावरून सुसाट सुटलेल्या गाडीसारखं जाझच्या वळणाचं संगीत. ड्रमर आले नि गेले. हे तिघं राहिले. ओकायामाच्या दौऱ्यात एका चाहतीनं कुरिमोतोला तिथलं नावाजलेलं पांढरं पीच फळ दिलं. ते हानेझावानं खाल्लं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. शिओमीनं त्यांना एकदा गरम पाण्याच्या झऱ्यावरही नेलं. एकाच कुंडात गळ्यापर्यंत बुडून दोघांनी "पाणी फार कढत आहे म्हणावं" असे निरोप त्याच्याकरवी पाठवले. मधे बसून बसून शिओमीलाच भोवळ आली.

मग शिओमीच्या घशात गाठ निघाली. साधी होती, पण कापावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही.

योकोहामाच्या कार्यक्रमाला तिघं पडद्यामागे उभे होते. पडदा उघडायला आला आणि कुरिमोतोला दिसलं, की हानेझावाच्या पॅंटची चेन उघडी आहे. त्यानं शिओमीला ढोसलं. शिओमीनं हातवारे केले. हा बोटं मोकळी करतोय, असं समजून हानेझावानंही बोटं मोकळी केली. पडदा हलला.

"अरे हानेझावा, चेन लाव!"

हानेझावानं चेन लावली. वाकून म्हणाला, "आभारी आहे." मग पुटपुटला, "ते पीच आंबट होतं."

"म्हणजे मी वाचलो," कुरिमोतो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. शिओमी तर कीबोर्डआड तोंड लपवून रडला. तीस वर्षं त्यानं हेच मागितलं होतं.

त्यानंतर दोघांचं असं काही जमलं, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. रविवारी मासे धरायला बरोबर, ईल माशाच्या जेवणाचा डबा दोघांत एक. फक्त वाजवणं बिघडलं. पूर्वी गिटार आणि बास एकमेकांच्या अंगावर धावून जात. आता दोघं एकमेकांना वाट देऊ लागले. नागोयाला तर गंमतच झाली. सोलोची जागा आली तसा कुरिमोतो हानेझावाकडे बघून वाकला, आधी तू. हानेझावा वाकला, छे, आधी तू. दोघं वाकतच राहिले. ड्रमर बिचारा एकटाच ठोकत होता. टाळ्याही सभ्य पडल्या.

बँडचा सगळा कारभार नुकादाबाई बघत. त्या तिघांना बसवून म्हणाल्या, "पूर्वी तुमच्या कार्यक्रमाला लोक खुर्ची घट्ट धरून बसायचे. काल तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ घोरत होता, आणि त्याची बायको त्याला उठवत नव्हती. तोक्योचा कार्यक्रम असाच झाला तर तो शेवटचा. मी आता कुणाच्या पाया पडणार नाही."

"चालेल," कुरिमोतो हसत म्हणाला. "आम्ही मासे धरू."

"रोज धरू," हानेझावा म्हणाला.

शिओमीला मासे आवडत नव्हते. लग्न त्यानं केलं नव्हतं. या बँडपलीकडे त्याला घर नव्हतं, हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं.

तोक्योच्या कार्यक्रमाच्या दुपारी दोघं ग्रीनरूममध्ये एक संत्रं सोलत बसले होते. फोडी एकमेकांना देत होते. "सोलो आज तू घे." "वेडा का, तू घे." शिओमीचा मौनाचा महिना संपला होता. त्यानं कुरिमोतोला बाहेर बोलावलं.

"रागावू नका," त्याचा आवाज खरखरीत निघाला. "हानेझावासान म्हणतात, तुम्ही गिटार वाजवत नाही, नळाखाली भांडी विसळता."

कुरिमोतोचे कान लाल झाले. "असं म्हणाला?"

शिओमीनं नुसती मान खाली घातली. मग त्यानं हानेझावाला गाठलं. "कुरिमोतोसान म्हणतात, तुमचा बास म्हणजे वरच्या मजल्यावरचा शेजारी. कपाट सरकवतोय एवढंच कळतं."

शिओमीच्या तोंडून आलेला निरोप पडताळून बघायची दोघांनाही सवय नव्हती.

त्या संध्याकाळी गिटार बासवर तुटून पडली. बासनं तिला फरफटत नेलं. दोघांनी एकमेकांना श्वास घेऊ दिला नाही. टक्कल पडलेले जुने चाहते खुर्च्यांवर उभे राहून ओरडू लागले. नुकादाबाईंनी कार्यक्रम संपायच्या आत पुढच्या वर्षाचं प्रेक्षागृह ठरवून टाकलं.

शेवटी दोघं दोन दारांनी निघून गेले. शिओमी रिकाम्या रंगमंचावर बसून राहिला. त्याला फार हलकं वाटत होतं. ती वाक्यं ना कुरिमोतोची होती, ना हानेझावाची. गेली चाळीस वर्षं ती त्याच्याच पोटात होती.