पोटरीतला गोळा

शेणव्याच्या नाक्यावर जाताना म्हातारा देवराम रोज एकट्या राहणाऱ्या जनीच्या ओटीवर टेकायचा. शंभर पावलांत त्याच्या पोटरीत गोळा यायचा. जनी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि गोळा जाईपर्यंत दोघं बोलत बसायची. तिच्या ओटीवर दुसरं कुणी येत नसे.

कल्याणच्या डॉक्टरांनी त्याच्या जांघेतली शीर उघडून रक्त अडवणारा चुन्यासारखा कडक थर खरवडून काढला. महिन्याभराने देवराम ओटीसमोरून झपझप गेला.

"जनीबाय, आता थांबाया लागत नाय!"

"बरं झालं, भाऊ," म्हणत तिने भरलेला तांब्या आत नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या ओटीवर येऊन टेकली.

"पायात गोळा आला, भाऊ. जरा बसते."

"कुठल्या पायात?"

जनी आपल्या दोन्ही पायांकडे बघत राहिली.